बंद दारांचा भार

सुमती दांडेकरबाई दूधवाल्याच्या मापावर, भिंतीवरच्या घड्याळावर, सख्ख्या भावाच्या पत्रावरसुद्धा संशय घ्यायच्या. डोंबिवलीहून ठाण्याला आमच्या आरोग्य पाहणीच्या कचेरीत आल्या, की आधी आदल्या दिवशीचे फॉर्म पुन्हा तपासायच्या. मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट. माझाही जीव नकोसा करायच्या.

१९९३ साली दिवा स्टेशनजवळच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्याचे फॉर्म आले. साठ घरं निवडलेली, त्यांतली वीसच बोललेली. बाकी चाळिसांवर शेरा, ‘दार बंद’. नियम असा, की बंद घरांचा भार उघड्या घरांवर टाकायचा. एक घर तिघांच्या जागी धरायचं. विसांपैकी चौदा घरांत ताप, म्हणून साठांत बेचाळीस. निम्म्याहून जास्त घरांत ताप असला, तर वाड्याला दर आठवड्याला डॉक्टर मिळणार होता.

“चांगदेव, टपरीवर बसून भरलेस ना हे?” बाईंनी फॉर्म भरणाऱ्याला धारेवर धरलं.

“देवाशपथ बाई, कुलपंच होती सगळीकडे!”

बाई त्याला घेऊन थेट कोळीवाड्यात गेल्या. कुलपं खरीच होती. एका ओट्यावर दगडाबाई नावाची कोळीण तापलेल्या नवऱ्याला पेज भरवत होती.

“उधान लागलंय बाय, जाल्यान मावरा गावतंय. धडधाकट मानूस होरी घेऊन खाडीन, बायका बाजारान. घरी कोन? आजारी, नायतर त्याचं करनारी. भांग लागला, पानी मंदावला का ये. सगली गावतील.”

चांगदेवही पहिल्यांदा उधाणातच गेलेला. म्हणजे एकेका आजारी घराच्या पाठीवर दोन धडधाकट घरं बसवून आम्ही हिशेब केला होता.

भांगाला बाई पुन्हा गेल्या. चाळीसही घरं उघडी होती. ताप फक्त चार घरांत निघाला. एकूण अठरा.

कचेरीतले साहेब म्हणाले, “पहिला आकडा नियमानेच काढलाय. तोच राहू दे.” मीही मनात तेच म्हणत होतो. पण बाईंनी अठराच पाठवले, आणि डॉक्टर दुसऱ्या गावाला गेला.

हे सांगायलाही त्या स्वतः गेल्या, मला सोबत घेऊन. दगडाबाईने सगळं ऐकून घेतलं.

“अठरा घरान ताप हाय, ह्ये खरा ना?”

“खरं आहे.”

“मंग त्या अठरांनी काय करायचा, बाय?”

परतताना बाई रडल्या. आकडा खरा होता, तरी निम्म्याहून जास्त घरं मागणाऱ्या त्या नियमाचा मला आजही राग येतो.