बांधकामावर टांगलेलं तोंड

माझ्या नवऱ्याचं डोकं फिरत चाललंय की काय, ही भीती मी चेन्नईत बरीच वर्षं एकटीने सांभाळली. ती कुणाला दिसू नये म्हणून घरात चढ्या आवाजात बोलायची, भांडी आपटायची. तापट बाई म्हणून माझं नाव झालं. भित्री म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं.

मी कोल्हापूरकडची. नवऱ्याचं घराणं तंजावरच्या मराठ्यांतलं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच मुरलेलं. माझे सासरे नोकरीसाठी चेन्नईत आले आणि इथलेच झाले. नवरा शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब खात्यात होता. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रवासाची बिलं तपासायची आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचं. आला की कॉफी घेऊन व्हरांड्यात तैलरंगांच्या ट्यूबा उघडून बसायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लायब्ररीतली पुस्तकं, वाया गेलेला पुष्कळ मांजरपाट आणि अंगचा हट्ट, एवढ्या भांडवलावर तो शिकला. घरभर टर्पेंटाइनचा वास. सांबारालासुद्धा तोच वास येतो असं मी म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्या सांबाराला काहीतरी वास येतो, हेच पुष्कळ झालं."

असा हसतखेळत माणूस. पण चित्रं बघितली की माझं हसू आटायचं. एन्नोरच्या वीज केंद्राची चिमणी, आणि तिच्यातून धुराऐवजी बाहेर पडणारी लांबच लांब वेणी, गजऱ्यासकट. उघडलेला कुकर, आत समुद्र, आणि समुद्राच्या तळाशी आमच्याच बिल्डिंगचा जिना. याचा अर्थ काय, असं विचारलं की एकच उत्तर, "मला काय माहीत? दिसलं तसं काढलं." ते "दिसलं" ऐकलं की मी आत जाऊन भांडी आपटायची.

त्याला कारण होतं. त्याचा सख्खा काका आधी कोळशाने भिंतींवर चित्रं काढायचा. मग चौकात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायचा. मग एक दिवस त्याने बोलणंच सोडलं, ते मरेपर्यंत. सासूबाईंनी हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. "असेंच गे आरंभलें त्यानेंही," त्या म्हणाल्या. "आम्हांस वाटलें, छंद आहे."

एका वर्षी नवऱ्याने बाईचं तोंड काढलं. केवढं, तर दाराएवढं. केसांच्या जागी वाऱ्याने झोडपलेली सुरूची झाडं, उघड्या तोंडातून घशात उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि डोळे एवढे मोठे की पापण्यांना जागाच उरली नव्हती. रंग ओले म्हणून ते हॉलमध्येच ठेवावं लागलं, आणि तोवर नवरात्र आलं. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, कोलू म्हणतात त्याला. बायका कुंकवाला येतात आणि आलेल्या पाहुणीने बाहुल्यांसमोर एक गाणं म्हणायचं अशी पद्धत आहे. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी सुरेख आवाज लावला. गाता गाता त्यांची नजर बाजूला गेली आणि ओळ अर्ध्यातच तुटली. घसा कोरडा पडला म्हणाल्या. मी ताक आणेपर्यंत त्या कुंकू लावून गेल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी बऱ्याचजणी दारातूनच परतल्या. मी ते तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. खरं सांगायचं तर मीही त्याच्याकडे कधी धड बघितलं नव्हतं. धूळसुद्धा पाठीमागून झटकायची.

पुढे आमच्या गल्लीच्या टोकाला एका निवृत्त गृहस्थांचं घर बांधायला निघालं. इकडे बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून समोर राक्षसाचं रंगवलेलं तोंड नाहीतर बुजगावणं टांगतात. त्यांचा राक्षस पावसाने धुऊन गेला, आणि त्याच आठवड्यात एक गवंडी परांचीवरून घसरून पाय मोडून बसला. दोन्ही गोष्टींचा संबंध गल्लीने ताबडतोब जोडला. मग ते गृहस्थ ताटात केळी, नारळ आणि विड्याची पानं घेऊन आमच्याकडे आले. सगळं बोलणं तमिळमध्ये आणि फार अदबीने झालं. तुमच्या यजमानांनी काढलेलं ते चित्र मिळेल का, असं त्यांनी विचारलं. "राक्षस बाजारात मिळतात अम्मा," ते म्हणाले, "पण त्यांना आता कुणी भीत नाही."

मला ब्याद घरातून जायला हवीच होती. पण नवऱ्याला सांगायचं कसं? त्याने जीव ओतून काढलेलं चित्र लोकांना बुजगावण्याच्या जागी हवं होतं. तो चिडेल, रडेल, कदाचित रंगांना पुन्हा हातच लावणार नाही. जेवताना मी भीत भीत सांगितलं. तो भात कालवायचा थांबला.

"कुठल्या बाजूला लावणार? रस्त्याकडे ना?"

एवढंच विचारलं. मग रविवारभर बसून त्याने पावसापासून बचाव म्हणून चित्राला वॉर्निश दिलं. शीळ घालत होता. तो रागावला असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

चित्र वर चढलं आणि नवऱ्याला घरी यायला उशीर होऊ लागला. बस उशिरा येते म्हणायचा. शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं, की तो बांधकामासमोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा असतो. चहा पीत नाही, कुणाशी बोलत नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघतो. हे ऐकून सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या. मी चपला सरकवल्या आणि निघाले. वाटेत स्वतःलाच शिव्या घालत होते, कारण राग आला की भ्यालेली असले तरी मला चालता येतं.

तो खरंच तिथे उभा होता. मला बघून दचकला नाही.

"बघ, सगळे मान वर करतात," तो म्हणाला. "सायकलवाले, शाळेतल्या मुली, सगळे. हसत कुणी नाही."

"चल घरी."

"ऑफिसात माझ्याकडे मान वर करून कुणी बघत नाही गं."

ओढून नेणार, इतक्यात मीही वर बघितलं. घरात ते बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून होतं. इथे दुरून, संध्याकाळच्या उजेडात, पहिल्यांदाच समोर आलं. सुरूची झाडं ओळखीची नव्हती, पायऱ्याही ओळखीच्या नव्हत्या. पण हनुवटीवर डाव्या बाजूला चुलीच्या चटक्याची खूण होती. तशी खूण माझ्या हनुवटीवर आहे.

"हे माझं तोंड आहे," मी म्हणाले.

"हो."

"मी अशी दिसते?"

"मी रंगवत असतो तेव्हा तू व्हरांड्याच्या दारात येतेस," तो म्हणाला. "माझ्याकडे बघतेस आणि काही न बोलता जातेस. रोज. तेव्हा अशी दिसतेस."

मला वाटत होतं, माझी भीती मी भांड्यांच्या आवाजात नीट लपवली आहे. अख्खी गल्ली मान वर करून तीच बघत होती.

"मग मला का नाही विचारलंस, का बघतेस म्हणून?"

"काकाचं मलाही माहीत आहे," तो म्हणाला. "वेड लागतं तेव्हा ज्याचं त्याला कळत नाही म्हणे. म्हणून मी तुझा चेहरा बघतो. तुला काय दिसतं, ते त्यावरून कळतं मला."

मी त्याच्याकडे वळले. तो माझ्या चेहऱ्याकडेच बघत होता, डॉक्टरने रिपोर्ट उघडावा आणि समोरच्या पेशंटने त्याचं तोंड वाचावं तसा. मी कपाळ सैल केलं, ओठ मिटले, हसण्याचाही प्रयत्न केला. डोळे काही ऐकेनात.