घाटंजीत दाखवलेली मान

धामणगावला रेल्वेतून उतरलो तेव्हाही अभिजितच्या गळ्यात महोत्सवाचं ओळखपत्र लोंबत होतं. तो आयोजक असलेला पुण्यातला चित्रपट महोत्सव कधीच संपला होता. ललिताचा प्रायोगिक लघुपट तिच्याच गावी, घाटंजीला दाखवायची कल्पना त्याची. मी एका मासिकासाठी लेख लिहायला सोबत होतो.

त्याने ठरवलेल्या भाड्याच्या गाडीने निघालो. यवतमाळ मागे पडलं आणि सागाचं जंगल लागलं. मधल्या मोकळ्या रानात कापूस फुटला होता. अभिजित सारखी गाडी थांबवून बोंडांचे फोटो काढी आणि "काय टेक्स्चर आहे!" म्हणे. वेचणाऱ्या बायकांनी "कुठचे हो तुमी?" म्हणून विचारलं, तोवर हा पुढच्या बोंडाकडे वळला होता.

ललिताच्या मायने (आईने) रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली होती. सुनीता वाढत होती. ती आणि ललिता नागपुरात एकत्र राहतात. माय तिला 'ललिताची मैतरीण' म्हणते. पुण्याच्या मंचावर अभिजितने या दोघींवर भलंमोठं भाषण ठोकलं होतं, त्यात 'क्वीअर देहाचं राजकारण' वगैरे सगळं होतं. इथे तो रोडगा तुपात चुरत बसला.

संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या मालकाने दारातच विचारलं, "सिनेमा कायचा हाय? बायामाणसं येऊन राह्यले. तसलं काही नाही ना?"

"छे हो भाऊ! कापसाच्या शेतीवर आहे," अभिजित म्हणाला.

ललिता प्रोजेक्टर लावायला आत निघून गेली. माइकवरही त्याने तेच सांगितलं, वर 'भूमिकन्या' हा शब्द चिकटवला.

असल्या मुक्या सिनेमांचा मला मनापासून वैताग आहे. कुणाला काही कळलं नाही की यांना धन्य वाटतं. याचीही सुरुवात कंटाळवाणीच होती. पडद्यावर सुनीताची पाठमोरी मान, केसांत अडकलेला कापूस, आणि कॅमेऱ्यामागून येऊन तो हळूच वेचणारा एक हात. ललिताने प्रयोग म्हणून फिल्मचं रीळ काळ्या मातीत पुरून ठेवलं होतं. त्यामुळे चित्रावर डाग पडले होते, आणि सुनीता वळली तेव्हा तिचा चेहरा अर्धा खाल्लेला दिसला. पण त्या हातावरून माझी नजर हलेना.

"कापूस कुठी हाय? नुसती मान दाखवून राह्यले!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

ललिताने सिनेमा थांबवला. "हे कापसावर नाही. सरांनी खोटं सांगतलं. थो हात माह्या हाय. सुनीता माही मैतरीण नाही, घरवाली हाय. ज्याले जायचं थ्यानं जावं."

खुर्च्या सरकल्या. तिचे काका बायकोमुलींना घेऊन उठले. "वहिनी, चाला," ते मायला म्हणाले.

"कायले? पुरा तं होऊ द्या." मग ती ललिताकडे वळली. "हिचं तोंड असं खराब काहून केलं तू?"

"रीळ मातीत पुरलं होतं, माय."

"आता नको पुरू."

उरलेल्या मोजक्या माणसांत सिनेमा संपला.

सकाळी शेजारचं काकांचं दार बंद होतं. मायने नेहमीसारखी हाक मारली, तरी उघडलं नाही. गाडीत अभिजित फोनवर सांगत होता, "ऐतिहासिक क्षण! वातावरण मीच तयार केलं होतं."

यवतमाळला मी त्याची गाडी सोडली आणि एसटी पकडली. खिडकीशी बसून लेखाची जुळवाजुळव करू लागलो. त्याच्या भाषणातले शब्द आयते आठवत होते, पण एकही घ्यावासा वाटेना. 'घरवाली' म्हणायला ललिताला एक दार गमवावं लागलं होतं. अभिजितच्या शब्दांना पुण्यात टाळ्या मिळाल्या होत्या.