मोहाखालची झाडलेली जागा

धरमपेठेत भाजी घ्यायला थांबले तरी कोणीतरी विचारतंच, तुम्हाला रोज वाघ दिसतो का हो? मी सांगते, मला वाघ कमी आणि वाघांची भांडणंच जास्त दिसतात. जंगलात कॅमेरे बांधायचे आणि फोटोतल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखायचे, हे माझं काम. त्यात मी सहसा चुकत नाही, आणि हे सांगायला लाजत तर मुळीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात रामटेकच्या पलीकडे एका गावाजवळ तरुण नर म्हाताऱ्या नराला नाल्यावरून हुसकून लावत होता. वाघ वाढले, जंगल तेवढंच राहिलं; दुसरं काय होणार? नाला कोणाच्या ताब्यात गेला ते कळावं म्हणून मी काठावरच्या मोहाच्या झाडाला कॅमेरा बांधला. दुसऱ्या दिवशी पाहते तर कॅमेरा सोडून पलीकडच्या पळसाला बांधलेला, तोंड आभाळाकडे. माझं डोकंच फिरलं.

मोहाखाली एक बाई खराट्याने पालापाचोळा काढत होती. त्या गावात फुलं गळायच्या आधी ज्या घरची बाई झाडाखालची जागा झाडते, त्या हंगामात ते झाड त्या घरचं. झाडाला बांधलेला माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा पाहून तिला वाटलं, शहरातून कोणीतरी तिच्या झाडावर हक्क सांगायला आलं.

"हे झाड आमचं आहे. तुमी पट्टा काहून बांधला?"

मी तावातावाने सगळं समजावलं. तिने कॅमेरा परत बांधू दिला, पण उद्यापासून फुलं वेचायला येणारच म्हणाली. घरातलं तेल-मीठ त्या फुलांच्या विक्रीवर चालायचं, तिचंही खरंच होतं. म्हातारा वाघ माणसाची चाहूल लागली की बाजूला व्हायचा, त्यामुळे ती आजवर बिनघोर वेचत आली होती. नव्याचा भरवसा मी देऊ शकत नव्हते. एक दिवस थांबा, फोटो दाखवते, असं मी तिच्याकडून जवळजवळ दरडावून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर वनरक्षकाला सोबत घेऊन कॅमेऱ्यातलं कार्ड आणलं. पहाटेच्या उजेडात तरुण नर तिने झाडलेल्या जागेवर ऐसपैस बसला होता, भोवती फुलांचा सडा. नाला आता त्याचाच होता. तिच्या अंगणात जाऊन मी फोटो तिच्यापुढे धरला. माझंच बरोबर ठरलं याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग तिचा चेहरा पाहिला. रिकामी टोपली धरून ती नुसती उभी होती. गावातल्या बाकी सगळ्या झाडांखाली केव्हाच खराटे फिरले होते; तिला या हंगामात दुसरं झाड उरलं नव्हतं.

तिची जाऊ शेजारच्या ओट्यावरून ऐकत होती. मोहाच्याच एका फांदीवरच्या भांडणापासून दोघींचं बोलणं कधीचं बंद होतं. जाऊ आपली टोपली घेऊन खाली उतरली.

"माह्या झाडाखाली चाल वं. दोघी वेचू."

वाघांमध्ये असं होताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि पाहणारही नाही. दोघी नाल्याच्या उलट दिशेला पुढे-मागे निघाल्या, तेवढ्या बोलण्यापलीकडे एकमेकींशी अजून काही न बोलता.