परातीचा शिक्का

पोखर्णीच्या केशरबाईंना पंगतीचा स्वयंपाक सांगायला पार झरी-चारठाण्याहून माणसं यायची. पाचशे पानांच्या येसर आमटीत मीठ कमी की जास्त, हे त्या वासावरून सांगायच्या. हाताला चव होती, तोंडाला धार होती, आणि चूल एकदा पेटली की नवरा भुजंगसुद्धा त्यांच्याशी जपून बोलायचा. अशा बाईच्या हातून अख्ख्या गावादेखत परात पडली.

झालं ते असं. परभणीचा उद्धव तेव्हा नुकताच धंद्याला लागला होता. गावोगावची कीर्तनं, भारुडं कॅमेऱ्यात टिपायची आणि नांदेड, जालना, लातूरच्या केबलवाल्यांना दाखवायला द्यायची, हा त्याचा उद्योग. कंपनीचं नाव 'गोदाकाठ'. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी पडद्यावर कंपनीचा लोगो यायचा. डोंगरामागून सूर्य उगवायचा आणि मागे बासरी वाजायची. पण तसला सूर्य आणि तसली बासरी त्या काळात ज्याच्या त्याच्याकडे होती, त्यामुळे तिकडं कुणी बघत नव्हतं.

नृसिंहाच्या देवळात कीर्तन होतं आणि उद्धव ते टिपत होता. बुवा ऐन रंगात येऊन डोळे मिटून थांबले. सभामंडपात चिडीचूप. नेमक्या त्याच वेळी केशरबाई मागच्या दाराने मोठी पितळी परात घेऊन प्रसादाकडे निघाल्या होत्या. हात ओले होते. परात निसटली, काठावर पडली, शहाबादी फरशीवरून गरगरत मंडपाच्या मधोमध गेली आणि तिथं भिंगरीसारखी फिरत राहिली. आवाज आधी घणघणता, मग घाईघाईचा, मग बारीक होत होत एकदम बंद. बुवांनी डोळे उघडले नाहीत. परात निजेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बसली बिचारी."

मंडप हसला. केशरबाई पदर सावरून चुलीकडे गेल्या, त्या पंगत उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

उद्धवला मात्र तो आवाज काही सोडेना. त्याने सूर्य काढून टाकला. आता पडद्यावर सोन्यासारखी परात काठावर फिरायची, डुलत डुलत खाली बसायची आणि तिच्या बुडावर 'गोदाकाठ' अशी अक्षरं उमटायची. आवाज तोच, देवळातला. लोक त्याला परातीचा शिक्का म्हणू लागले. शेजारच्या घरातून तो ऐकू आला की बायका हातातलं टाकून टीव्हीपुढे बसायच्या. पोरं घरोघर ताटल्या फिरवून मार खायची.

केशरबाईंना याचा पत्ता लागला तो नांदेडला दिलेल्या बहिणीकडून. कुसुमबाईचा फोन आला, "आगं केशर, तुझी परात रोज सांजच्याला आमच्या घरात पडायलीय."

पुढे झरीच्या एका लग्नात कुणीतरी विचारलं, "पडत्या परातीवाल्या बाई त्या तुमीच का?" केशरबाईंच्या कपाळाची शीर उठली. दुसऱ्या दिवशी त्या परभणीला उद्धवच्या दुकानात हजर.

"उद्धवा, गावंच्या गावं जेवू घातली मी. एकदा परात पडली. आन् लोकांनी ध्यानात काय ठेवलं?"

"मावशी, लोकायला लय आवडलाय तो."

"मला न्हाई आवडला. माझ्या आमटीचं नाव कुणी काढत न्हाई आता."

उद्धवने मान खाली घातली. "काढून टाकतो," म्हणाला, आणि खरंच काढला. सूर्य परत आला, बासरी परत आली.

परात कुठं गेली म्हणून केबलवाल्यांचे फोन सुरू झाले. भुजंग टीव्हीपुढे बसून पुटपुटायचा, "सुरू झालं का न्हाई, काई कळंना." केशरबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मग चारठाण्याला एका बारशाचा स्वयंपाक आला. त्या घरात प्रभावतीबाई नावाच्या म्हाताऱ्या शिक्षिका होत्या. दोन्ही डोळे गेलेले. केशरबाईंचं नाव कळताच त्यांनी हात चाचपून धरला. "परातीचा आवाज आला की मला कळायचं, आता कीर्तन. मग मी कुणाला विचारत नसे. आता बासरी वाजते. जाहिरात आहे की कीर्तन, उमगतच नाही."

केशरबाईंनी म्हातारीच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं. परतताना जीपमध्ये बसल्या बसल्या भुजंगला म्हणाल्या, "लावा त्या उद्धवला." आणि फोन कानाला लावून एवढंच बोलल्या, "पाड बाबा ती परात परत."

पुढे लोक टीव्ही सोडून मोबाइलवर आले, तसा उद्धवही आला. पण जुना आवाज मोबाइलवर खरखरायचा. गेल्या वर्षी तो माइक घेऊन पोखर्णीत उतरला. "मावशी, पुन्हा एकदा पाडा."

"सांगून परात पडत असती का?" म्हणत केशरबाई हसल्या, पण गेल्या. दुपारच्या वेळी, देऊळ रिकामं बघून. पहिल्यांदा परात थपकन पालथी पडली. मग खांबावर आदळली. मग थेट भुजंगच्या अंगठ्यावर. दर्शनाला आलेली शेजारची सुमनबाई बराच वेळ बघत उभी होती. तिला राहवेना.

"आण इकडं. तुला धड पाडताबी येईना."

तिने मनगटाला हिसका दिला. परात अशी फिरली, अशी फिरली, की उद्धव श्वास धरून बसला. मंडप घंटेसारखा घुमला. तोच आवाज घ्यायचा ठरला.

केशरबाईंना ते लागलं. घरी जाऊन त्यांनी उगाच डबे घासले. महिनाभरात नवा शिक्का आला. सून रोहिणीने मोबाइलवर लावून दाखवला. नळावरच्या बायका म्हणाल्या, "केशरबाई, परात काय घुमलीय तुमची." सुमनबाई तिथंच घागर धरून उभी होती.

"माझी जुनी," केशरबाई म्हणाल्या. "ही सुमनची हाय."

त्या दिवसापासून सुमनबाई नातेवाइकांना मनगट दाखवत हिंडते. केशरबाई म्हणतात, "तिला आता परात घासायलाबी सांगायची सोय न्हाई."

दुकानात ऐकलेली ती तक्रार उद्धव विसरला नव्हता. "मावशी, आता तुमची आमटीच दाखवू," तो म्हणाला. कॅमेरा लागला. फक्त चार माणसांपुरती करा, असं त्याने सांगितलं.

"चार माणसं तर आमच्या चुलीपाशीच उभी असत्यात," केशरबाई म्हणाल्या. त्यांना थोडं करताच येईना. शेवटी मोठं पातेलं चढलं, भाजल्या धान्या-मसाल्याचा येसर पडला, आळीभर वास सुटला, आणि माइक बाजूला ठेवून उद्धवसकट सगळी गल्ली जेवायला बसली.

तो कार्यक्रम खूप बघितला गेला. पुण्या-मुंबईच्या बायकांनी खाली लिहून विचारलं, घरात तिघंच आहोत, प्रमाण कमी कसं करायचं? रोहिणीने सासूला वाचून दाखवलं.

केशरबाई ज्वारी निवडत होत्या. "कमी कशाला करायचं? शेजारीपाजारी बोलवावेत की," म्हणाल्या. रोहिणीने ते तसंच लिहून पाठवलं.