शनिवारच्या शिफ्टच्या वैशालीताई

वैशालीताई काल गेल्या. त्यांनी माझी जी गोष्ट कुणाला कळू दिली नाही, ती आज मीच सांगते.

दोन हजार तीन-चारचा काळ. मी इथे परदेशात, हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत होते. बॉयफ्रेंड होता. एका शुक्रवारी कंडोम फाटला.

इमर्जन्सी पिल जितकी लवकर घ्याल तितकी बरी, एवढं माहीत होतं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट थेट मंगळवारची. फ्लॅटमेट म्हणाली, आता चिठ्ठीशिवाय फार्मसीतही मिळते.

शनिवारी गेले. काउंटरवर मंगळसूत्र घातलेली बाई. बॅजवर मराठी नाव.

मी मागे वळले.

त्यांनी इंग्रजीतच हाक मारली. आतल्या छोट्या खोलीत नेलं, दार लावलं. पाळी कधी आली होती, औषधं कुठली चालू आहेत, कुणी जबरदस्ती तर केली नाही ना, एवढंच विचारलं. गाव कुठलं, आईवडील काय करतात, एक शब्द नाही.

मी रडायला लागले तेव्हा मात्र मराठीत म्हणाल्या, "वेळेवर आलीस. शहाणी आहेस."

त्या दिवशी मला कुणी शहाणी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये त्या समोर आल्या. आता ओळख दाखवतील म्हणून मी नजर चुकवली.

ताईंनी हात जोडले. "नमस्कार, मी वैशाली. नवीन का इथे?"

पुढे मैत्री झाली तेव्हा कळलं, दुकानाचा मालक ही गोळी द्यायला तयारच नव्हता. गिऱ्हाइकं तुटतील म्हणे. ताईंनी ती देण्यासाठी फार्मासिस्टला लागणारं ट्रेनिंग घेतलं आणि सांगितलं, माझ्या शनिवारच्या शिफ्टला मी देणार, तक्रार आली तर माझ्याकडे पाठवा.

मंडळातल्या एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या की अशाने आपल्या मुली बिघडतील.

ताई शांतपणे म्हणाल्या, "काकू, माझ्याकडे येतात त्या घाबरलेल्या असतात. तशाच घरी पाठवू का?"

पुढची दोन वर्षं त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. वाईट वाटायचं त्यांना, लपवायच्या नाहीत. पण शिफ्ट सोडली नाही.

नंतर सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी काढून वायकाटोतल्या, म्हणजे हॅमिल्टनच्या आसपासच्या, लहान गावांत जायच्या, तिथल्या फार्मासिस्टना हे ट्रेनिंग घ्यायला तयार करायला. एकदा मी सोबत होते. तिथले वयस्कर फार्मासिस्ट म्हणाले, मुलींशी असं बोलायची मला लाज वाटते.

"तिला तुमच्याहून जास्त वाटते," ताई म्हणाल्या. "म्हणून तुम्ही आधी बोला."

त्या फार्मासिस्टनी ट्रेनिंग घेतलं. त्या गावातल्या मुलींना आता हॅमिल्टनपर्यंत यावं लागत नाही.

ताई, तुम्ही आमच्यातल्या होतात याचा फार अभिमान वाटतो.

शांतपणे जा. मनापासून नमस्कार.