आईचं शेवटचं पाणी

शिकागोच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत लिंबाच्या लोणच्याची बरणी काढून घेतली. रोझाबाईंसाठी नेत होतो. पंचवीस वर्षं या देशात राहून हे नियम मला ठाऊक नाहीत असं नाही. पण बॅग घाईत भरली होती. पुन्हा विचार केला असता तर निघालोच नसतो.

कारण ऑफिसात घडलं. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या कंपनीत दर शरदात महिनाभर हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या समाजाचा, वारसा साजरा होतो. यंदा भाषण माझ्याकडे आलं. शेतं, रेल्वे, सैन्य, शाळा, दवाखाने, या साऱ्यांत या समाजाचा केवढा वाटा आहे ते मी वाचून दाखवलं. टाळ्या मिळाल्या. जागेवर येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं. माझ्या आईला दोन वर्षं अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या रोझाबाई याच समाजातल्या, आणि त्या मला आठवल्याही नव्हत्या.

खरं तर मी त्यांना मुद्दाम विसरलो होतो. आई गेली तेव्हा गंगाजल मी तिच्या तोंडात घातलं, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. साताऱ्याच्या ताईला तर, शेवटी आईने तुझंच नाव घेतलं, असंही सांगितलं. त्या वेळी मी तळघरात ऑफिसच्या कॉलवर होतो. रोझाबाईंनी वरून दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी "पाच मिनिटं" म्हणालो. पाणी त्यांनी घातलं. अंत्यविधीला मी त्यांना बोलावलं नाही. लोकांसमोर त्या काही बोलल्या असत्या तर?

नंतर त्या टेक्सासमधल्या आपल्या गावी परतल्या, तिथून त्यांचं सांत्वनाचं कार्ड आलं होतं. त्या पाकिटावरच्या पत्त्यावर मी निघालो होतो.

सॅन अँटोनियोला गाडी भाड्याने घेतली. दक्षिणेला दोन तास सपाट माळ, बाभळीसारखी काटेरी झुडपं, वर भलंमोठं आभाळ. गावात वळण चुकलो आणि न्यायालयाच्या हिरवळीपाशी आलो. तिथे युद्धांत कामी आलेल्यांच्या नावांचा दगड होता. रोझाबाईंचं आडनाव त्यावर चारदा कोरलेलं होतं.

दार त्यांनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. आई त्यांना विचारायची तसंच उचललेलं, एवढंच त्यांचं मराठी. पुढचं सगळं इंग्रजीत.

"त्या दगडावर तुमचं आडनाव पाहिलं," मी म्हणालो. "तुम्ही मेक्सिकोतून आलात ना?"

"कोण म्हणालं? माझ्या आजोबांचे आजोबा इथे पुरलेत. त्या दगडावरचा शेवटचा माझा भाऊ. तू कधी आलास?"

"पंचवीस वर्षं झाली."

"मग पाहुणा तू. बस."

दोन वर्षं त्या माझ्या घरात होत्या. मी कधी विचारलंच नव्हतं.

नोव्हेंबरचा पहिला दिवस होता, गेलेली माणसं घरी येतात असं त्यांच्याकडे मानतात तो. बैठकीत ओफ्रेंदा (गेलेल्या माणसांसाठी मांडलेली वेदी) होती. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, गोड पाव. गणवेशातल्या भावाच्या फोटोशेजारी माझ्या आईचा फोटो, आमच्या स्वयंपाकघरात खळखळून हसतानाचा. त्यापुढे तपकिरीची डबी.

"आई तपकीर ओढायची?"

"तू ऑफिसला गेलास की लगेच. मलाही दिली एकदा. शिंकून शिंकून मरायची वेळ आली!"

डबीजवळ पाण्याचा ग्लास होता. "लांबून येतात," त्या म्हणाल्या. "तहान लागते."

मग मला बोलावंच लागलं. सगळं सांगितलं. त्या तमालेस (मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेले पिठाचे मुटके) बांधत राहिल्या. माझ्यासाठी नुसत्या घेवड्याचे.

"त्या पाण्याची लोटी कुठे आहे ते तिने आधीच दाखवून ठेवलं होतं. मला वाटलं, औषध. मग तिने डोळे मिटून दाखवलं."

"शेवटी काही बोलली?"

"जेवलीस का, म्हणाली. मी मान हलवली. खोटंच. तुला हाका मारण्यात जेवण राहिलं होतं."

"तुम्हाला माझा राग आला असेल."

"पाण्याचा नाही. पाणी कोणीही घालावं. पण मी काळा ड्रेस इस्त्री करून दोन दिवस बसले होते, विलास. तू बोलावलंच नाहीस."

मी माफी मागितली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या ताटात आणखी एक मुटका वाढला.

विमानतळावर परतल्यावर, गाडीतूनच, ताईला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मी सांगत गेलो, तिने मध्येच गॅस बंद केला.

"आणि माझं नाव?"

"ते मी जोडलं, ताई."

तिने कुकर उतरवून ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्या बाईंचा नंबर पाठव," आणि फोन ठेवला.

घरी येऊन कपाटातली लोटी काढली. निम्मी रिकामी. भाषणात वाटा हा शब्द मी किती सहज उच्चारला होता! माझ्याच घरातला रोझाबाईंचा वाटा मी एवढी वर्षं माझ्या नावाने सांगत आलो होतो.

चार दिवसांनी रोझाबाईंचा फोन आला. ताईने त्यांना फोन केला होता. ताईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही.

"मग बोललात काय?"

"ती रडत होती. मी विचारलं, जेवलीस का? मग आणखी रडली. पण फोन ठेवला नाही."

मला तिने अजून फोन केलेला नाही.