दारातली चप्पल

सासूबाईंना परदेशात हरवणं वाटतं तितकं सोपं नसतं. मला मात्र ते पहिल्याच प्रयत्नात जमलं.

ओमानात आम्ही राहतो त्या माबेल्याहून दोन तास गाडी हाणत आम्ही डोंगराखालचं एक जुनं ओमानी गाव बघायला गेलो होतो. शेकडो वर्षांची दुमजली मातीची घरं, कोरीव दारं, आणि म्युझियम केलेल्या एका घरात म्हणे बायका जुनी कामं करून दाखवतात.

"मी तिकिटं काढते, तू आईवर लक्ष ठेव," बायको म्हणाली. "तिच्याकडे इथला फोन नाहीये, सुहास!"

"अगं मधुरा, मी आहे ना!" (हे वाक्य मी लग्नापासून म्हणतोय. मधुरा लग्नापासून घाबरतेय.)

एका दाराचा फोटो काढला, वळलो, तर सासूबाई गायब!

भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही. "आई!" अशी हाक मारली, तर पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी "आई..." म्हणालं. तो माझाच आवाज होता, पण खात्री वाटेना. वारा नसताना एक दार करकरलं. सत्तरीची बाई, त्यात गुडघे दुखणारे! खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

आणि एका काळोख्या दाराशी दिसली त्यांची चप्पल. नीट जोडून ठेवलेली. (म्युझियमच्या दारातही चप्पल काढणारं दुसरं कोण असणार!) आतून आवाज येत होता. घर्रर्र... घर्रर्र...

मीही बूट काढले. जीव जायची वेळ आली तरी सवय सुटत नाही. आत मिट्ट काळोख. डोळे सरावले, तर कोपऱ्यात एक काळी आकृती. तोंड दिसतच नव्हतं, नुसते दोन पांढरेफटक हात गोल गोल फिरत होते.

"स... सलाम आलेकुम," मी पुटपुटलो.

घरघर थांबली. आकृती म्हणाली, "आलात का सुहासराव?"

ओमानच्या भुताला माझं नाव कसं ठाऊक? तेही 'राव' लावून! मी जो सुटलो तो थेट तिकिटांच्या खिडकीशी.

"पळ मधुरा! भूत! मराठी बोलतंय!"

"आई कुठेय?"

अरेच्चा! आई राहिल्याच की! मी त्यांना भुताच्या तावडीत टाकून आलो होतो. मधुराचा चेहरा पडला, मग तिची नजर खाली गेली.

"तुझ्या पायात आईची चप्पल कशी?"

तेवढ्यात गल्लीतून फटक फटक करत सासूबाई आल्या. अंगावर काळा पायघोळ अबाया, हात पिठाने माखलेले, पायात माझे दहा नंबरचे बूट. मागून एक ओमानी आजी पदराआड हसावं तशी हसत होती.

"या आजी नमाजाला उठल्या, तर जातं रिकामं पडलेलं!" सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, चार मुठी दळून देऊ. साडीला पीठ लागेल म्हणून यांनीच हे अंगावर घातलं."

"आई, मला वाटलं..."

"भूत वाटले, ऐकलं मी. असू दे. पण पळताना माणसाने निदान स्वतःचे बूट घालावेत!"

आता माझ्याबरोबर कुठेही जायचं म्हटलं की सासूबाई चप्पल पिशवीत घालून काखेत धरतात. ओमानात त्यांना चोरांची भीती नाही, जावयाची आहे!